गॅस कमी की धूळ जास्त?

घरातला एसी सात-आठ वर्षं एकदाही गॅस न भरता चालतो, मग पोकलेनचा एसी दर उन्हाळ्यात गॅस का मागतो? यंत्रं बाळगणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास पडतो. खडी क्रशरवर, कालव्याच्या कामावर, उसाच्या फडात, चंद्रपूरकडच्या खुल्या कोळसा खाणीत, जिथे बंद कॅबिनचं यंत्र आहे तिथे हा प्रश्न आहे. ऑपरेटर म्हणतो, "मालक, गार होत नाही." मेकॅनिक येतो, गेज लावतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार येते.

प्रश्न रास्त आहे, पण त्यातच एक गैरसमज दडलेला आहे. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं याला दुरुस्ती म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनेकदा गॅस जागच्या जागी असतो आणि वाट अडलेली असते हवेची. मोकळ्या रानात राबणाऱ्या यंत्राच्या एसीची खरी निगा धुळीशी जोडलेली आहे. ती कशी, हे कळण्यासाठी आधी या छोट्याशा कॅबिनवर काय काय येऊन आदळतं ते पाहायला हवं.

१. एवढ्याशा कॅबिनला एवढा मोठा एसी कशाला?

दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. पोकलेनच्या कॅबिनमध्ये ती फार तर तीन घनमीटर, म्हणजे खोलीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तरी कॅबिनचा एसी ताकदीला खोलीच्या एसीच्या तोडीचा, बऱ्याच यंत्रांत त्याहून मोठाही असतो.

एसीची ताकद 'टना'त सांगतात. हे माप बर्फाच्या जुन्या धंद्यातून आलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता काढणारा एसी एक टनाचा. आजच्या भाषेत हे साडेतीन किलोवॅट होतात.

आता हिशोब मांडून पाहू. भर दुपारी ऊन समोरून पडलं तर एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट उष्णता येते. ऑपरेटरला बकेट, चर आणि आजूबाजूची माणसं दिसायला हवीत म्हणून कॅबिन चारही बाजूंनी काचेची असते. त्यातल्या तीन चौरस मीटर काचेवर ऊन तिरपं पडलं आणि निम्मंच आत शिरलं, तरी दीड किलोवॅट झाले. हातभर अंतरावर इंजिन आणि तापलेलं हायड्रॉलिक तेल असतं. डोक्यावरचा पत्रा तापलेला असतो. बाहेरची ४५ अंशांची हवा ताशी ६० घनमीटर या वेगाने आत घेतली तर ती थंड करायला आणखी अर्धा किलोवॅट लागतो. माणसाच्या अंगातून शंभरेक वॅट निघतात ते वेगळेच. शिवाय उन्हात उभं राहून भट्टी झालेली कॅबिन दहा-पंधरा मिनिटांत बसण्याजोगी करायची असते. एवढं सगळं पेलायचं तर एसी मोठाच लागणार.

यावर काही मालक म्हणतात, हे लाड आहेत. पण माणसाच्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की ती शरीरातून उष्णता काढण्याऐवजी शरीरात घालू लागते. मग सुटकेची वाट एकच उरते, घाम. आठ तासांच्या पाळीत ४५ अंशांत घाम गाळणाऱ्या माणसाच्या हाती वीस टनांचं यंत्र आणि त्याखाली वावरणारे मजूर देणं हा धोका आहे, आणि तो टाळणाऱ्या साधनाला लाड म्हणणं चूक आहे.

जगाला हे उमगायलाही वेळ लागला. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस-मोलाइन कंपनीने १९३८ मध्ये यूडीएलएक्स नावाचा बंद कॅबिनचा ट्रॅक्टर काढला. त्यात हीटर होता, रेडिओही होता, पण जेमतेम दीडशेच्या आसपास ट्रॅक्टर तयार झाले. शेतकऱ्यांना ती चैन वाटली. पॅकार्डने १९४० च्या मोटारींत कारखान्यातच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. ट्रॅक्टरवर बंद, शांत, हवेचा दाब राखणारी कॅबिन रुळायला मात्र जॉन डिअरच्या १९७२ मधल्या 'साउंड-गार्ड' कॅबिनपर्यंत थांबावं लागलं. भारतात साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू ट्रकांमध्ये चालकाच्या कॅबिनला एसी सक्तीचा झाला तो २०२५ मध्ये.

२. गारवा येतो कुठून?

खानावळीच्या मागच्या अंगाला लावलेलं गॅस सिलिंडर पाहावं. मोठी शेगडी तासभर जोरात पेटलेली असली की सिलिंडरचा खालचा भाग गार पडतो, त्यावर पाणी जमतं, कधी कधी पांढरं हिमही धरतं. आत द्रवरूपात असलेला गॅस वायू होऊन बाहेर पडतो आणि तसं होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. कॅबिनच्या एसीतही नेमकं हेच घडतं. फरक एवढाच, की सिलिंडरमधला वायू जळून जातो आणि एसीतला वायू पकडून पुन्हा द्रव करून परत कामाला लावला जातो.

यंत्रांच्या एसीत बहुतेक ठिकाणी आर-१३४ए हा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. पण दाब वाढवला की त्याचा उकळबिंदूही चढतो. गेजवर ३० पीएसआयच्या सुमारास दाब असेल तर तो शून्य अंशाजवळ उकळतो, आणि २३० पीएसआयच्या सुमारास असेल तर ६० अंशांना. एसीची सगळी करामत या दोन आकड्यांत आहे. कमी दाबाच्या बाजूला गॅस थंडगार असताना उकळवायचा, म्हणजे तो कॅबिनमधली उष्णता घेतो. मग त्याला दाबून इतकं गरम करायचं, की ४५ अंशांची बाहेरची हवाही त्याच्यापुढे गारच ठरावी आणि आणलेली उष्णता तिच्यात टाकता यावी.

हे काम चार भाग करतात. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. बाहेरच्या बाजूचा, जाळीसारखा दिसणारा कंडेन्सर त्याची उष्णता हवेत सोडतो आणि त्याचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो द्रव फवाऱ्यासारखा पुढे जातो तेव्हा दाब एकदम पडतो. आणि सीटच्या मागे किंवा खाली बसवलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो. ब्लोअर या कॉइलवरून हवा ढकलतो, तीच ऑपरेटरच्या तोंडावर येते. कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये ड्रायर नावाची छोटी डबी असते. ती गॅसमधला ओलावा आणि कचरा धरून ठेवते.

३. गॅस जातो कुठे?

घरच्या एसीत कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच पोलादी डब्यात कायमची बंद केलेली असतात, आणि तांब्याच्या नळ्या बहुतेक ठिकाणी झाळून जोडलेल्या असतात. यंत्रात तसं करताच येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनवर फिरवायचा म्हणजे त्याचा दांडा बाहेर आला, आणि दांडा जिथून बाहेर येतो तिथे सील आलं. इंजिन स्वतः हलतं, कॅबिन वेगळी हलते, म्हणून त्यांना जोडणारे पाइप रबराचे लागतात. प्रत्येक जोडावर ओ-रिंग असते. त्यात भर पडते ती दगडावर ब्रेकर चालवताना अख्ख्या यंत्राला बसणाऱ्या हादऱ्यांची. वर्षाकाठी थोडासा गॅस झिरपणं या रचनेत धरूनच चालावं लागतं. पण भरलेला गॅस महिन्याभरात गायब होत असेल, तर ते झिरपणं नव्हे, गळती आहे.

गळती शोधायची पहिली खूण फुकटात मिळते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांतून फिरत असतं. जिथून गॅस बाहेर पडतो तिथे तेलाचा थेंब येतो आणि त्यावर धूळ चिकटते. बाकीचा पाइप कोरडा धुळकट असताना एकाच जोडाभोवती काळपट, ओलसर डाग दिसला तर संशयित सापडला. साबणाच्या फेसाचे बुडबुडे त्यावर शिक्कामोर्तब करतात. सगळा गॅस गेला असेल तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघतात. इथे काही ठिकाणी टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर जोडला जातो, ते मात्र कटाक्षाने टाळायला हवं. त्या हवेत ओलावा असतो, आणि दाबाखालची हवा, तेल आणि गॅस यांचं मिश्रण पेटूही शकतं.

गॅस कमी झाल्याची चाहूल कॉम्प्रेसरकडूनही लागते. एसीचं बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो, तो चुंबकाच्या क्लचने कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडल्याचा. दाब फार घसरला की सुरक्षा स्विच हा क्लच बसूच देत नाही, कारण गॅसबरोबर येणारं तेल न मिळता फिरलेला कॉम्प्रेसर जाम होतो. हा स्विच 'डायरेक्ट' करून म्हणजे वायरीने जोडून एसी चालू करून देणारे महाभाग असतात. काही दिवसांनी मालकाला अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागतो.

४. कंडेन्सर दिसतो स्वच्छ, असतो बंद

कंडेन्सरचं काम उष्णता बाहेर टाकण्याचं, आणि ते तो करतो अंगावरून जाणाऱ्या हवेच्या जोरावर. स्वच्छ कंडेन्सरमध्ये ४५ अंशांच्या दुपारी गॅस ६० अंशांच्या आसपास द्रव होतो, म्हणजे दाब साधारण २३० पीएसआय. पाकळ्यांमध्ये धूळ भरली आणि हवा निम्मीच जाऊ लागली तर तीच उष्णता टाकण्यासाठी गॅसला आणखी तापावं लागतं. ७५ अंशांवर दाब ३३० पीएसआयपर्यंत चढतो. कॉम्प्रेसर जास्त राबतो, डिझेल जास्त खातो, पट्टा घसरू लागतो, आणि एका मर्यादेनंतर जास्त दाबाचा स्विच सगळंच बंद पाडतो. सकाळी आठ वाजता छान गार असलेली कॅबिन दुपारी दोनला गरम हवा फेकू लागते, त्याचं एक मोठं कारण हे असतं. गॅस खरोखर कमी असता तर सकाळीही कुरकूर जाणवली असती.

अशा वेळी गॅस भरला तर काय होतं? आधीच चढलेला दाब आणखी चढतो. आजार एक आणि औषध भलतंच, अशी गत होते.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या ऊसतोडणी यंत्रांवर हा त्रास सर्वांत जास्त. यंत्राचा पंखा पाचट उडवत असतो, त्याचा बारीक भुसा सगळ्या जाळ्यांवर जाऊन बसतो, आणि हंगामात यंत्र रात्रंदिवस चालू असल्याने साफसफाईला उसंत नसते. क्रशरवर दगडाची भुकटी, खाणीत कोळशाची. तेलाचा ओशटपणा असला की त्यावर ती लिंपल्यासारखी बसते.

फसगत होते ती अशी: बऱ्याच यंत्रांत कंडेन्सर, तेलाचा कूलर आणि रेडिएटर एकापुढे एक उभे असतात. ऑपरेटर समोरून हवा मारतो, पुढची जाळी चकचकीत होते, आणि सगळा भुसा मागे सरकून दोन जाळ्यांच्या फटीत घट्ट बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून कंडेन्सर बिजागरीवर असेल तर उघडून, बोल्टवर असेल तर पाइपांना ताण न देता पुढे ओढून, मधली फट पाहायला हवी. हवा मारायची ती उलट दिशेने, म्हणजे एरवी वारा जिकडून येतो त्याच्या विरुद्ध बाजूने. पाकळ्या ॲल्युमिनियमच्या आणि कागदासारख्या पातळ असतात. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा पाण्याचा झोत जवळून मारला की त्या आडव्या होतात आणि वाट कायमची अडते. तीव्र कॉस्टिकचं द्रावण तर ॲल्युमिनियमच खातं. इंजिन थंड झाल्यावर, चावी काढून, कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली धुणं पुरेसं असतं.

५. दोन फिल्टर आणि कॅबिनमधला दाब

धूळ कॅबिनमध्ये शिरू नये म्हणून दारं-खिडक्यांना रबर असतं, असा समज आहे. रबर लागतंच, पण खरं काम हवेचा दाब करतो. ब्लोअर बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलत राहतो, त्यामुळे कॅबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेर जाते आणि धुळीला आत यायला वाट मिळत नाही. मातीकामाच्या यंत्रांत हा जादा दाब किमान ५० पास्कल असावा असं धरतात. पाण्याच्या भाषेत ५० पास्कल म्हणजे फक्त पाच मिलिमीटर उंचीचं पाणी. ताशी तीसेक किलोमीटर वेगाचा वारा दारावर आदळला तर त्याचा दाबही साधारण तेवढाच भरतो. एवढ्याशा दाबाच्या भरवशावर माणसाची फुप्फुसं असतात.

बहुतेक कॅबिनमध्ये दोन फिल्टर असतात. एक बाहेरचा, ताज्या हवेचा. दुसरा आतला, कॅबिनमध्येच फिरणारी हवा गाळणारा. बाहेरचा फिल्टर तुंबला की ताजी हवा कमी येते, दाब पडतो, आणि धूळ दाराच्या फटीतून येऊ लागते. मग डॅशबोर्डवर भुकटीचा थर दिसतो. आतला फिल्टर तुंबला की तोंडावर येणारा वारा मंदावतो आणि ऑपरेटरला वाटतं एसी गेला.

इथे एक घातक उपाय सर्रास केला जातो. फिल्टर काढून टाकला की वारा जोरात येतो. ऑपरेटर खूश, मालकाचा फिल्टरचा खर्च वाचला. पण कूलिंग कॉइल थंड आणि ओली असते. न गाळलेली धूळ त्या ओल्या पाकळ्यांवर बसते आणि तिचा चिखल होतो. काही आठवड्यांत कॉइल लिंपून जाते, वारा आधीपेक्षाही कमी होतो, आणि कॉइल काढून धुवायची तर कॅबिनचा निम्मा सांगाडा उसकावा लागतो. गॅसही सोडावा लागतो. वाचवलेल्या फिल्टरच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो.

पैशाहून मोठं नुकसान ऑपरेटरच्या छातीत होतं. दगडाच्या भुकटीत सिलिका असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि सिलिकाचे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण चारेक मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. ते दिसत नाहीत, खोकून बाहेर पडत नाहीत. वर्षानुवर्षं ते साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. भारतातल्या कारखाने आणि खाणींच्या कायद्यांत तो नोंद करणं बंधनकारक असलेला रोग आहे. म्हणूनच या प्रकरणात एसीइतकाच फिल्टरचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या निऑश या सरकारी संस्थेने खाणयंत्रांच्या कॅबिनचा बराच अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. ताज्या हवेचा चांगला फिल्टर आणि दाब यांना आतल्या हवेच्या फिल्टरची जोड दिली की धुळीपासूनचं संरक्षण कित्येक पटींनी वाढतं. कारण बरीचशी धूळ बाहेरून येतच नाही, ती ऑपरेटरच्या बुटांबरोबर आणि कपड्यांबरोबर आत येते, पायाखाली वाळते आणि वाऱ्याने उडते. पायऱ्यांवर बूट झटकणं आणि रबरी मॅट रोज ओल्या फडक्याने पुसणं हीसुद्धा एसीचीच देखभाल आहे. कॅबिनमध्ये हवेचा पाइप घालून धूळ उडवणं मात्र उलटं काम करतं.

फिल्टर किती दिवसांनी बदलायचा? पुस्तिकेत तासांचा आकडा असतो, पण तो सरासरी कामासाठी. क्रशरवर रोज झटकावा लागेल, रस्त्याच्या कामावर आठवड्याने चालेल. कागदी फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा किंवा कमी दाबाची हवा आतून बाहेर मारायची. मग उन्हाकडे धरून पाहायचं. कुठे टाचणीएवढं भोक दिसलं तर तो फेकून द्यायचा.

दाब टिकतो की नाही, हे पाहायला उदबत्ती पुरते. ताज्या हवेचा मार्ग उघडा ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने लावायचा, दारं बंद करायची आणि बाहेर उभं राहून दाराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवायची. धूर कडेपासून दूर ढकलला गेला तर दाब आहे. धूर आत ओढला गेला किंवा नुसताच रेंगाळला तर फिल्टर, ब्लोअर किंवा रबर यांपैकी काहीतरी बिघडलं आहे.

काही ऑपरेटर गारवा वाढावा म्हणून ताज्या हवेची झडप कायमची बंद ठेवतात. एक माणूस तासाला वीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन घनमीटर म्हणजे ३,००० लिटर हवेत तो तासाभरात जवळपास पाऊण टक्क्यापर्यंत जाईल, जर कॅबिन अगदी घट्ट बंद असेल तर. प्रत्यक्षात फटी असतात, म्हणून इतका जात नाही, पण दुपारच्या डुलकीला हातभार लागतो. आणि झडप बंद म्हणजे दाबही नाही. उन्हात तापलेली कॅबिन गार करताना पहिली दहा मिनिटं झडप बंद ठेवावी, मग उघडावी.

फवारणीच्या ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी. साधा धुळीचा फिल्टर औषधाची वाफ अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो. युरोपात अशा कॅबिनचे चार वर्ग केले आहेत, आणि धूळ, तुषार, वाफ या तिन्हींपासून वाचवणारा वर्ग फक्त चौथा. नाशिककडच्या द्राक्षबागेत एसी कॅबिनचा ट्रॅक्टर घेणाऱ्याने बंद दारामुळे औषधापासून आपण सुरक्षित आहोत असं गृहीत धरू नये.

६. पाणी गळतं ते बिघाडामुळे का?

रत्नागिरीत काम करणाऱ्या यंत्राच्या खाली पाण्याचं थारोळं साचतं आणि चंद्रपूरच्या यंत्राखाली थेंबही पडत नाही. दोन्ही ठिकाणी मालकाला वाटतं काहीतरी बिघडलं. हिशोब सोपा आहे.

मे महिन्यात कोकणात हवा ३४ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉइलवर हवा १० अंशांपर्यंत गार झाली की तिला फक्त साडेनऊ ग्रॅम वाफ धरता येते. उरलेले सोळा-सतरा ग्रॅम पाणी होऊन कॉइलवर जमतात. तासाला ६० घनमीटर ताजी हवा घेतली तर तासाला लिटरभर पाणी. चंद्रपुरात हवा ४५ अंशांची, पण आर्द्रता १५ टक्के. तिथल्या घनमीटरभर हवेत जेमतेम दहा ग्रॅम वाफ असते, म्हणजे कॉइलवर गाळायला जवळपास काहीच उरत नाही.

म्हणून कोकणात ड्रेन पाइप मोकळा असणं हा जिवाभावाचा प्रश्न आहे. तो चिखलाने बुजला तर पाणी कॅबिनमध्ये सांडतं, कधी सीटखालच्या वायरिंगवर. साचलेल्या पाण्यात बुरशी धरते आणि एसी लावताच कुबट वास येतो. पाळी संपण्याआधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला तर कॉइल वाळते आणि वास धरत नाही.

७. गॅस भरायचाच असेल तर

आता पुन्हा त्या सिलिंडरकडे जाऊ. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस येतो. तो निम्मा झाला किंवा दोन किलो उरला, तरी आतला दाब तेवढाच राहतो, कारण द्रवाचा थोडा अंश शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. किती उरला हे कळायला वजनच करावं लागतं. एसीचंही तसंच. सकाळी ३० अंशांत, इंजिन सुरू करण्याआधी गेज लावलं तर आर-१३४ए चा दाब ९७ पीएसआयच्या आसपास दिसतो. गॅस पुरेसा असला तरी तेवढाच आणि निम्मा असला तरी तेवढाच. आकडा याहून बराच खाली असेल तर गॅस जवळपास संपला, एवढंच त्यातून कळतं.

त्यामुळे 'गेज बघून अंदाजाने' भरलेला गॅस कमी पडू शकतो किंवा जास्त होऊ शकतो. यंत्रावर, बहुधा कॉम्प्रेसरजवळ किंवा बॉनेटच्या आत, गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेली पट्टी असते. जुना गॅस यंत्राने काढून घेऊन, तराजूवर मोजून तेवढाच भरणं हीच खरी पद्धत. तेलाचा प्रकारही तिथेच दिलेला असतो, आणि तो बदलून चालत नाही.

भरण्याआधी व्हॅक्यूम करतात तो नुसती हवा काढण्यासाठी नसतो. आत शिरलेला ओलावाही काढायचा असतो. ३० अंशांत पाणी मोकळ्या हवेत उकळत नाही, पण दाब ४२ मिलिबारच्या खाली नेला तर त्याच तापमानाला उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. म्हणून पंप पाच मिनिटं चालवून उरकणं उपयोगाचं नाही, अर्धा-पाऊण तास तरी हवा. ओलावा राहिला तर एक विचित्र खेळ सुरू होतो. एसी वीस मिनिटं छान चालतो, मग गारवा थांबतो, थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो. व्हॉल्व्हच्या बारीक भोकात पाण्याचा बर्फ होऊन वाट अडते आणि तो वितळला की मोकळी होते. हाच ओलावा तेलाशी मिळून आम्लं तयार करतो आणि आतून धातू खातो. नळी उघडी पडलेल्या प्रत्येक दुरुस्तीत ड्रायर बदलायचा तो यासाठी.

स्वस्तात मिळणाऱ्या संशयास्पद गॅसपासून दूर राहावं. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट झाले, त्यात कामगार दगावले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती आणि त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारं रसायन तयार झालं होतं. काही जण स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही वायू भरतात. असा वायू कॅबिनमध्ये गळला तर एक ठिणगी पुरते.

जुना गॅस हवेत सोडून देणं सोपं वाटतं, पण त्याचाही हिशोब आहे. ओझोनचा थर पोखरणारे जुने गॅस १९८७ च्या माँट्रियल कराराने मागे पडले आणि त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही. पृथ्वी तापवण्यात मात्र तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जोरकस आहे. दीड किलो सोडला तर दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली, आणि आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. हा गॅस पुढे महाग आणि दुर्मीळ होत जाईल. गळती बुजवणाऱ्याचा त्यात दुहेरी फायदा आहे.

८. हंगाम संपल्यावर

साखर कारखाने मार्च-एप्रिलच्या सुमारास बंद झाले की ऊसतोडणी यंत्रं दसऱ्या-दिवाळीपर्यंत उभी राहतात. पोकलेनही पावसाळ्यात थांबतात. एसीचं बरंच नुकसान या काळात होतं. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील तेलाने ओलं असेल तरच घट्ट बसतं, आणि ते तेल कॉम्प्रेसर फिरला तरच तिथे पोहोचतं. चार-पाच महिने न फिरलेलं सील वाळतं, आणि नव्या हंगामात पहिल्याच आठवड्यात गॅस निघून जातो. दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून दहा मिनिटं एसी चालवला, पाऊस पडत असला तरीही, तर हे टळतं.

उभ्या यंत्रात उंदीर घर करतात. हवेच्या नळीत पाचट-चिंध्या नेऊन ठेवतात आणि वायरी कुरतडतात. ठेवण्याआधी कॅबिन झाडून खाण्याचे कण काढावेत, फिल्टरचं झाकण घट्ट लावावं, ताज्या हवेच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बांधावी. ओल्या पाचटासकट कंडेन्सर ठेवला तर त्यात ओल धरून पाकळ्या गंजतात, म्हणून तो धुऊन, वाळवूनच यंत्र शेडमध्ये न्यावं.

नवा हंगाम सुरू होताना पट्ट्याचा ताण, क्लचचा 'टक्', कंडेन्सरची मधली फट, दोन्ही फिल्टर, ड्रेन पाइप, उदबत्तीची चाचणी, एवढं आधी पाहावं. मग झडप बंद ठेवून एसी पंधरा मिनिटं चालवावा आणि तोंडावर येणाऱ्या हवेत साधा थर्मामीटर धरावा. कॉइलकडे परत जाणाऱ्या हवेपेक्षा ती बारा-पंधरा अंशांनी तरी गार असायला हवी. दोन्ही आकडे आणि बाहेरचं तापमान तारखेसह यंत्राच्या वहीत लिहून ठेवावं. पुढे ऑपरेटरने तक्रार केली की मेकॅनिकला बोलावण्याआधी त्याच रीतीने पुन्हा मोजून फरक पाहता येतो.